उघड्या डोक्याने नगर-पाथर्डी

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी आमच्या हिने खिडकीतून पिशवी आत दिली आणि पुन्हा एकदा बजावलं, "टोपी अगदी वर ठेवलीय, चुरगळू देऊ नका. आणि तुमच्या हातानं डोक्यावर घालू नका."

एवढ्या बाप्याला, तेही शाळामास्तराला, टोपी स्वतः घालू नका असं बायको का सांगते, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. माझे वडील, अण्णा, माघात गेले. आमच्याकडे बाप गेला की मुलाने डोक्यावरची टोपी उतरवायची. तेरावं झालं की सोयरे नवी टोपी आणतात आणि आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर चढवतात. मग दुखवटा (शोक पाळायचे दिवस) निघाला असं धरायचं. पहिला मान मामाचा. टोपी चढेपर्यंत घरात गोडधोड नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही, आणि डोकं उघडं. तेराव्याला माझा मेहुणा टोपी घेऊन तयार बसला होता. पण मामा आला नाही आणि मेहुण्याला मी नको म्हटलं.

त्याला कारण होतं. मी लहान असताना माझी आई तापाने गेली. तेव्हा माझ्या मामाने भरल्या अंगणात अण्णांना सुनावलं होतं, "दाजी, येळंवर डाक्टर आनला असता तर माझी भन वाचली असती. तुमच्या दारचं पानी मला आता इख हाय." तेव्हापासून जाणं-येणं बंद झालं. अण्णांनी त्याला तेव्हाही उत्तर दिलं नाही आणि नंतरही नाही. मामाचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जात. पण शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "टोपी तुझ्या मामाच्याच हातनं घालून घे. तेवढ्यानं आमचं मिटंल." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? मामाकडे निरोप धाडला, त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून शाळेला सुट्टी लागल्यावर नवी पांढरी टोपी पिशवीत घेऊन मीच त्याच्या दारात जायला निघालो होतो. त्याने ती चढवली असती तर दोन घरांचं तुटलेलं जुळलं असतं. नाही चढवली तर काय, याचा मी विचार केला नव्हता असं लिहायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोला?

पुण्याला गाडी बदलली आणि संध्याकाळी नगरात माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. पुण्याहून येताना दोन्ही बाजूंना काळं रान तडकून पडलेलं दिसत होतं. मधेच एखादी विहीर, तिच्या काठावर घागरींची रांग आणि रांगेच्या शेवटी एक कुत्रं, तेही पाण्यासाठीच बसलेलं. रात्र एका धर्मशाळेत काढली. पाथर्डीची गाडी दुपारी होती. सकाळचा वेळ मोकळा होता, म्हणून शहराबाहेरची एक जुनी दगडी मशीद बघायची ठरवलं. आमच्याकडच्या साप्ताहिकात मी प्रवासाचं थोडंफार लिहितो, वाचक वाट बघतात, हे एक कारण. सकाळचीही एक गाडी होती आणि मामासमोर जायचं मला धाडस होत नव्हतं, हे खरं कारण.

मशिदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही मंडळी सहलीचे डबे घेऊन तिथे पोचाल.

स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आणि शिळी भजी घेतली. चहातली साखर गोडात धरत नाहीत, हा आमच्या रूढींचा मोठेपणा. हॉटेलवाल्याला मशिदीची वाट विचारली. त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"मशीद बगायला? डोस्कं उगडं ठिवून?"

"का? चालत नाही?"

"मला काय ठावं? मी कवा गेलोय? किल्ला बगा की, लोकं किल्ला बगत्यात." एवढं बोलून त्याने वाट मात्र नीट सांगितली.

उन्हात चांगलंच चालावं लागलं. मशीद लहानशी, चिंचेच्या दोन झाडांमागे दडलेली. भोवती पिवळं पडलेलं गवत आणि त्यात जुनी थडगी. लांबून बघितलं तर एखाद्या श्रीमंत माणसाने अंगणात बांधलेलं देवघर वाटावं. जवळ गेल्यावर दगडातलं कोरीव काम दिसायला लागलं. वेली, फुलं, झुंबरासारखे लोंबणारे दगडाचे गोंडे. मी तसाच पुढे निघालो तेव्हा निंबाखालून हाक आली.

"ओ पाव्हनं, दमानं. आधी हिकडं या."

निंबाखाली एक म्हातारबाबा बाजेवर बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, अंगात पैरण, कमरेला लुंगी. शेजारी एक लोखंडी पेटी उघडी पडलेली. समोर एक गोरापान परदेशी पोरगा उभा होता, केस खांद्यापर्यंत वाढलेले, खाली अर्धी चड्डी. म्हातारबाबा त्याला पेटीतली लुंगी नेसवत होते. गाठ काही पोराला जमत नव्हती. शेवटी त्यांनी त्याच्या कमरेला सुतळी बांधली आणि म्हणाले, "जाव, अब गिरती नै." पोरगा दोन्ही हातांनी लुंगी धरून, आमच्या शाळेतली पोरं पोत्याच्या शर्यतीत चालतात तसा आत गेला. मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"समद्यांसाठी ठिवावं लागतंय," पेटीकडे हात करून ते म्हणाले. "कुनी चड्डीवर येतंय, कुनी बिनबाह्यांचं. मानूस बगायला आलंय, त्येला माघारी कसं धाडायचं? बायांनी पदर घेतला की झालं, त्यास्नी सांगावं लागत न्हाई. तुमी चपला तितं काडा. इजार घोट्याच्या खाली हाय, ती बरी. बाह्या सोडा खाली. आन डोस्क्याला काय?"

त्यांचं नाव बशीरचाचा. जन्मभर टांगा हाकला, आता घोडा मेला आणि गुडघेही गेले म्हणून मशिदीची राखण करतात, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी म्हटलं, डोक्याला काही नाही.

"पिशवीत टोपी दिसतीया की. कोरी करकरीत. घाला."

मला ती घालता येत नव्हती आणि का येत नाही हे परक्या माणसाला सांगायचं जिवावर आलं. मी म्हटलं, "राहू दे चाचा, मी बाहेरूनच बघतो."

"भाईरनं बगून काय कळतंय? आतली जाळी बगायची आसती. टोपी हाय तर घालत का न्हाई?"

मग सांगितलं सगळं. अण्णा गेल्याचं, मामाच्या मानाचं, आईचंही. ते दाढीवरून हात फिरवत ऐकत राहिले. मग भाऊबंदांच्या बांधाचा तंटा पुढ्यात आल्यासारखे विचारात पडले.

"मंजी मामानंच घालायची."

"हो."

"तवर बोडकं."

"तवर बोडकं."

"आमच्यात आल्लाच्या घरात बोडकं जात न्हाईत. तुमच्यात दुक्कात डोस्कं झाकत न्हाईत." मग त्यांनी पेटीतून निळ्या चौकडीचा एक मोठा रुमाल काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला. "आसं करा. ह्यो घ्या आन तुमच्या हातानं गुंडाळा. मी बांदत न्हाई, मी बांदला तर तुमच्या मामाचा मान जाईल. आत हाय तवर ठिवा, भाईर आलं की सोडा. ही टोपी न्हवंच."

इतका समजूतदार निवाडा मी कोर्टातही ऐकला नव्हता. रुमाल गुंडाळला आणि पाय धुवायला हौदाकडे वळलो. हौद कोरडा ठणठणीत होता, तळाला भेगा.

"पाय झाडा निसतं," चाचा मागून म्हणाले. "वजूला (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) एकेक तांब्या वाटून देतोय आमी. बगायला येनाऱ्याला कुटनं देऊ?"

आत गार होतं. जाळीतून येणारं ऊन फरशीवर फुलाफुलांनी पडलं होतं. परदेशी पोरगा एका खांबाशी लुंगी धरून बसला होता, थोड्या वेळाने तो गेला आणि मी एकटा उरलो. कोरीव कामाबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणून मी नीट बघायला लागलो, पण लक्ष लागेना. तीन महिन्यांत डोकं उघडं असायची सवय झाली होती. रुमालाखाली त्याला ऊब लागली आणि मला एकदम अण्णांचा हात आठवला. शाळेत जाताना ते माझी टोपी स्वतः सरळ करत आणि वरून एक हलकी टपली मारत. अण्णा गेल्यावर मी माणसांसमोर रडलो होतो, रीत म्हणून रडतात तसं. त्या मशिदीत मात्र मी आपणहून रडलो. नमाजाची वेळ नव्हती, कुणी आलं नाही. चाचांनी बाहेरून एकदा डोकावून पाहिलं आणि ते परत बाजेवर जाऊन बसले.

भान आलं तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. चपला पायात सरकवल्या, चाचांना लांबूनच हात केला आणि पळत सुटलो. ते मागून काहीतरी ओरडत होते. मला वाटलं, पुन्हा या म्हणत असतील.

गाडीत खच्चून गर्दी होती. एक बाई पाटी घेऊन चढली आणि मला म्हणाली, "चाचा, वाईच सरका." मी सरकलो. कंडक्टरनेही मला चाचा म्हटलं. साताऱ्यात मला कुणी चाचा म्हणत नाही, म्हणून नगरकडची पद्धत असेल असं मी समजलो. घाट लागला तेव्हा घाम पुसायला हात वर नेला आणि रुमाल हाताला लागला.

मी तो ओढूनच काढला. पाटीवाली बाई बघतच राहिली. तीन महिने मी उन्हातान्हात, लोकांच्या चौकशा सोसत डोकं उघडं ठेवलं होतं, आणि मामाच्या गावाला जाताना अर्धी वाट रुमाल बांधून आलो होतो. देवाला आणि अण्णांना मनातल्या मनात सांगितलं की हे चुकून झालं, मीच बांधला होता, तो धरू नका. रुमालाची घडी करून पिशवीत टोपीखाली ठेवली. येताना चाचांना परत द्यायलाच हवा होता.

घाटाच्या पुढे रान अधिकच भकास होत गेलं. बाभळींना पाला नव्हता, निवडुंगही सुकलेला. नदी म्हणून पूल लागला, खाली नुसती वाळू आणि वाळूत माणसांनी खणलेले झरे. जागोजागी रस्त्याची दुष्काळी कामं चालली होती. बाया, बापे, म्हातारीकोतारी रांगेने खडी फोडत बसलेली. हातोड्यांचा आवाज गाडीच्या आवाजाच्या वर ऐकू येत होता.

पाथर्डीला उतरून मामाच्या गावची वाट विचारली आणि चालू लागलो. गावाच्या अलीकडेच असंच एक काम लागलं. मामाचं घर विचारावं म्हणून थांबलो. ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. एकूण एक माणसाचं डोकं झाकलेलं होतं, कुणाच्या पटक्याने, कुणाच्या टॉवेलाने, बायांचं पदराने, एका म्हातारीने तर पोतं घेतलं होतं. फक्त एका तरुणाचं डोकं उघडं होतं. काढलेले केस जेमतेम बोटभर वाढलेले.

मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माझंही डोकं तसंच. त्याने आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"कोन तुमी?"

"साताऱ्याचा. सरूबाईचा मुलगा."

त्याने हातोडा खाली ठेवला. "मी दत्तू. तुमच्या मामाचा ल्योक." आणि मग, त्याच्या उघड्या डोक्यावरून कळलं असूनही ते खोटं ठरेल असं मला वाटत होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, आबा गेलं की. शिमग्याच्या आदी."

आम्ही एकमेकांना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो जन्मला तेव्हा दोन घरांचं बोलणं तुटलेलं होतं. त्या खडीच्या ढिगाऱ्यावर आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो आणि कामावरच्या बाया हातोडे थांबवून पदर डोळ्यांना लावायला लागल्या.

घरी मामी ओसरीवर होती. मी कोण ते दत्तूने सांगितलं तसा तिने हंबरडा फोडला. मग डोळे पुसून उठली आणि रांजणातून तांब्याभर पाणी काढलं. मयताची बातमी कळली की आंघोळ करायची, ही रीत. आंघोळीपुरतं पाणी घरात नव्हतं. तिने मला अंगणात पाटावर बसवलं आणि तो एक तांब्या माझ्या उघड्या डोक्यावर हळूहळू ओतला. खाली घमेलं ठेवलं होतं. त्यात पडलेलं पाणी दारच्या शेळीने प्यायलं.

जेवायला मिलोची (दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी) भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. भाकरीला चव नव्हती आणि चिकटपणाही नव्हता, हातात घेतली की तिचे तुकडे पडत. मामी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सरूवन्संच्या लेकाला मिलो घालाया लागला बाबा." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"मामी, अण्णा गेल्याचा निरोप मामाला मिळाला होता?"

"मिळाला की. अंतरुनालाच हुते. मीच सांगितलं, साताऱ्याचं दाजी गेलं म्हनून."

"मग?"

"भिताडाकडं त्वांड केलं."

"काही बोलले?"

"न्हाई."

"रागानं केलं असेल?"

"मला कसं कळावं बाबा? पाठ तेवडी दिसत हुती." तिने भाकरीची टोपली झाकली. "लई येळ तसंच पडून हुते. जेवले न्हाईत त्या दिशी. पन जेवन तर तसंबी तुटलंच हुतं."

मला त्याहून जास्त कधी कळणार नव्हतं. एवढ्या लांब येऊन मला मामाची पाठही बघायला मिळाली नव्हती.

"आम्हाला कळवलं का नाही?"

"निरोप दिला हुता एका मानसापाशी. त्योच पोट भराया कुटं निगून गेला. कारड टाकायचं तर तुमचा पत्त्या कुनाला ठावं?"

मी दत्तूकडे बघितलं. तो उंबऱ्यापाशी बसला होता. "आणि याला टोपी कुणी घातली नाही?"

मामीने सांगितलं. दत्तूचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे सासुरवाडी नाही. त्याचा मामा, म्हणजे तिचा भाऊ, बिऱ्हाड घेऊन ऊसतोडणीला गेला होता. यंदा गावात खायला काही नाही म्हणून तिकडूनच कुठल्या तरी धरणाच्या कामावर गेला, परतलाच नाही. भावकी होती, पण भावकी दुखवट्यातलीच, तिला तो मान नाही. "मी घातली असती," मामी म्हणाली, "पन माजा हात कसा चालंल?" तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं आणि हात भुंडे होते.

पोरगा अडीच महिने त्या उन्हात उघड्या डोक्याने खडी फोडत होता. मानेवरची त्याची कातडी सोलवटून निघाली होती.

मी पिशवीतून टोपी काढली. मामाने माझ्या डोक्यावर चढवायची म्हणून इस्त्री करून आणलेली. हे शास्त्राला धरून होतं का, मला माहीत नाही. ज्याचा स्वतःचा दुखवटा निघालेला नाही त्याने दुसऱ्याचा काढावा का, हे गावातल्या जाणत्याला विचारलं असतं तर त्याने दहा फाटे फोडले असते. मी विचारलं नाही. आतेभाऊ म्हणजे सोयराच, आणि वयाने मी थोरला. दत्तूला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. ती मोठी झाली, कानांवर आली. मामीने चिंधी आणून आतून दुमडून लावली. मग तिने देवळीतला गुळाचा बारका खडा त्याच्या तोंडात घातला. तो खडा चघळता चघळताच दत्तू रडायला लागला.

थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, आन तुमास्नी कोन?"

मामीने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दत्तू माझ्याबरोबर कामापर्यंत आला. वळणावरून मागे बघितलं तेव्हा तो हातोडा घेऊन बसला होता. त्या सगळ्या धुरळ्यात त्याची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. अण्णांचं एकच सांगणं होतं, ते माझ्याच्याने झालं नाही. घाट संपेपर्यंत मी दुसरा विचारच करू शकलो नाही. मामाच्या हातची टोपी आता या जन्मी मिळणार नव्हती. मेहुणा घालेल, दुखवटा निघेल, पेढे वाटले जातील. पण अण्णांचं आणि मामाचं जे मिटायचं राहिलं, ते राहिलंच.

नगरला उतरलो आणि रुमाल परत करायला मशिदीकडे गेलो. चाचांनी लांबूनच ओळखलं.

"आवो किती बोंबललो! रुमाल, रुमाल! तुमी आपलं घोड्यावानी पळताय." मग माझ्या डोक्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "मामा न्हाई म्हनले?"

"मामा गेले, चाचा. शिमग्याआधीच."

ते 'इन्ना लिल्लाह' असं काहीतरी पुटपुटले आणि बाजेवर सरकून त्यांनी मला जागा दिली. टोपी कुठं गेली ते मी सांगितलं. रुमालाची घडी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "घामाचा झालाय, धुवायला पाणी मिळालं नाही." त्यांनी रुमाल उचलला, पण पेटीत टाकला नाही.

"तुमच्या आईचं म्हायेर पाथर्डीकडचंच म्हनला न्हवं?"

"हो."

"आन नाव?"

"सरूबाई."

"सरू." त्यांनी ते नाव एकदा हळूच घेतलं. माझ्या आईला नुसतं सरू म्हणणारी माणसं केव्हाच संपली होती. "म्हंजी नगरचीच लेक. पाथर्डीच्या किती लेकी मी माज्या टांग्यातनं सासरच्या गाडीला सोडल्या. रडायच्या. मी म्हनायचो, रडू नगं बाय, भाऊ हाय समज. तिलाबी मीच सोडली आसंल, न्हाईतर नसंल. आमच्यात ह्ये टोपीचं काय न्हाई. पन भन समद्यांच्यात हाय का न्हाई?"

मी होकारार्थी मान हलवली.

चाचा उठले. वजूच्या वाटणीतला आपला तांब्या त्यांनी आणला, दोन चुळके पाणी घेऊन हात धुतले आणि पैरणीला पुसले.

"बसा खाली. तोंड कुनीकडं करत्यात तुमच्यात?"

"पूर्वेला."

मी निंबाखाली मातीत बसलो. त्यांनी रुमालाची घडी उलगडली, झटकली आणि माझ्या डोक्याला दोन फेरे देऊन नीट बांधला, गावाकडची माणसं पटका बांधतात तसा. शेवटचं टोक खोचलं आणि वरून हलकी टपली मारली. ती त्यांनी रुमाल घट्ट बसला का बघायला मारली असेल. मी तिथेच मोठ्याने रडलो. अण्णांचं आणि मामाचं मिटलं की नाही मला माहीत नाही, पण माझ्या डोक्यावरचा भार त्या क्षणी उतरला. उठून मी त्यांच्या पाया पडलो. ते "आरं आरं" करत मागे सरले.

रुमाल परत कसा करू असं विचारलं तर म्हणाले, "भनीच्या लेकाला बांदलेलं कुनी माघारी घेतंय व्हय?"

साताऱ्यात आल्यावर ओळखीच्या दोघातिघांनी स्टँडवरच माझ्याकडे वळून बघितलं. तेव्हापासून कुठल्याही मशिदीचं लिहिलं की वाचक मला विचारतात की मशीद बघायला जाताना काय घालून जावं. पाय झाकलेले असावेत, हात झाकलेले असावेत. बायांनी पदर घ्यावा. एवढं सांगून मी थांबतो. डोक्याविषयी मला काही सांगता येत नाही, कारण मी तर तिथे उघड्या डोक्याने गेलो होतो.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा ही दारातच उभी होती. माझ्या डोक्याला बांधलेला रुमाल बघून तिचा चेहरा उजळला. टोपी कुठे आहे, हे चौकडीचं काय, यातलं तिने काहीच विचारलं नाही. घरात पळत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि माझ्या तोंडात घालता घालता म्हणाली, "बांधला ना मामांनी?"

"आईच्या भावानं बांधला," मी म्हणालो.

तिने देवाला हात जोडले. मग मी पायरीवर बसलो आणि मामा शिमग्याआधीच गेल्याचं तिला सांगितलं. ती माझ्याकडे आणि रुमालाकडे बघत राहिली.

"अहो, मग हा बांधला कुणी?"

"सांगितलं ना," मी म्हणालो. तोंडातला गूळ अजून विरघळला नव्हता.